अहो सिस्टर

ढमढेरे सिस्टरांनी लहान मुलाला कधी 'अरे' म्हटलेलं आमच्या वारज्यात कुणी ऐकलेलं नाही. मान न धरणारं, लाळ गाळणारं दीड महिन्याचं पोर असलं, तरी त्यांच्या लेखी ते 'अहो'. आणि त्या पोराला कडेवर घेऊन उभा असलेला, हिंजवडीत अख्ख्या मजल्यावरच्या इंजिनियरांना नाचवणारा बाप मात्र 'अरे'.

"अहो साहेब, आपल्या वडिलांना सांगा, जरा बाजूला सरक रे म्हणावं. उजेड अडतोय."

बाप सरकतो. हिंजवडीत त्याला सरकवणं कुणाच्या बापाला जमलेलं नसतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून क्लबहाउसची किल्ली माझ्याकडे. जिथे पेरूच्या बागा होत्या तिथे आमच्या इमारती उभ्या राहिल्या, आयटीतली तरुण जोडपी राहायला आली, आणि बघता बघता पाळणे इतके वाढले की कॉर्पोरेशनच्या दवाखान्यातून महिन्यातल्या एका बुधवारी सिस्टर लस टोचायला इथेच येऊ लागल्या. पांढरी साडी, विजेच्या खांबाची उंची, हातात लशींचा निळा डबा, आणि बारा महिने एक भली मोठी काळी पुरुषी छत्री. ही छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही, डब्याच्या डोक्यावर. स्वतः घामानं निथळत, डब्यावर छत्री धरून, एखाद्या नवरदेवाला आणावं तशा त्या डबा घेऊन यायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, निम्मी छत्री तरी स्वतःवर धरा." तर म्हणाल्या, "लशीला ऊन चालत नाही. मला चालतं."

क्लबहाउसमध्ये टेबल-टेनिसच्या टेबलावर त्यांचा दरबार भरायचा. जाळीच्या अलीकडे आया, पलीकडे सिस्टर. पण संभाषण आयांशी नाहीच.

"अहो ईशाताई, गेल्या महिन्यात आपण दिसला नाहीत."

ईशाताई मूठ तोंडात घालतात.

"असं का? कुणी नको म्हणालं?"

शेवटी न राहवून ईशाची आजी फुटते. "मीच नको म्हटलं. सर्दी होती तिला. सर्दीत कसली सुई?"

सिस्टर ईशाकडेच बघत म्हणतात, "नशीबवान आहात हो. एवढी काळजी करणारी आजी आहे आपल्याला. साध्या सर्दीत लस घेतली तरी चालते, हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार. अजून काही?"

हे 'अजून काही?' म्हणजे त्यांचं खास अस्त्र. पुण्यात राहून 'अजून काही?' असं आपणहून विचारणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. आमच्या दुकानदारांना हे वाक्य शिकवलेलंच नसतं. सिस्टर विचारत राहायच्या. आजी मग सर्दीवरून तापावर, तापावरून सुनेच्या स्वयंपाकावर जायची, आणि पोतं पूर्ण रिकामं झालं की आपल्याच हातानं नातीची बाही वर करायची.

एकदा कुठलासा तरुण अधिकारी पालकांशी संवाद कसा साधावा हे शिकवायला आला. दहा मिनिटं सिस्टरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आपण पालकांशी बोलायचं असतं." सिस्टरांनी समोरच्या मांडीवरच्या गृहस्थाला विचारलं, "साहेब, ऐकलंत?" गृहस्थांनी ढेकर दिली. अधिकारी चहा न घेता गेला.

सुई टोचल्यावरचा प्रकार तर याहून चमत्कारिक. सुई निघाली की सिस्टर झटक्यात पाठ वळवायच्या आणि फटाक्कन छत्री उघडून तिच्याआड दडायच्या. घरात! पोर भोकाड पसरतंय आणि समोर एक काळी छत्री उभी. त्या छत्रीतून आवाज यायचा, "अर्धा तास इथेच बसायचं हं. दंड चोळायचा नाही." मला वाटायचं, ही बाई थोडी हललेली आहे.

आमच्या घरात 'अहो' ही हाक माझ्या मालकीची. गेली पंचवीस वर्षं सुमननं 'अहो' म्हटलं की मी वर्तमानपत्रातून डोकं काढतो. एका बुधवारी सिस्टर चहाला आल्या असताना सुमननं विचारून टाकलं, "सिस्टर, तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"घरात धाकटी भावंडं होती. ती मार्गी लागेपर्यंत राहून गेलं." मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, "पण 'अहो' म्हणायला कुणी नाही असं समजू नका. अख्खं वारजं आहे."

आम्ही दोघं खूप हसलो. हसता हसता सुमननं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

आता निखिलकडे येतो. निखिल म्हणजे माझ्या भाचीचा, ऋचाचा नवरा. दोघंही आयटीत, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. त्यांच्या कियानची गोवराची लस राहिली होती. नऊ महिन्यांना घ्यायची ती, आणि कियान अकराव्यात. ऋचा घेऊ या म्हणत होती आणि निखिल, "मी वाचतोय, थांब." काय वाचत होता? अमेरिकेतून फिरत फिरत आलेल्या ई-मेल. तेवढ्यात समोरच्याच इमारतीत एका बाळाला गोवर झाला. त्याला न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवलं. ऋचाचा चेहरा उतरला. निखिलनं काय करावं? त्यानं सोसायटीतल्या सगळ्यांना मेल पाठवली, 'बुधवारी क्लबहाउसमध्ये प्रेझेंटेशन. लस घेण्यापूर्वी ऐका.'

मी सिस्टरांना सावध केलं. त्या म्हणाल्या, "खुर्च्या जास्त मांडा."

बुधवारी निखिलनं लॅपटॉप टेबल-टेनिसच्या टेबलावर मांडला. सिस्टर उठल्या आणि ऋचाची खुर्ची, कियानसकट, थेट पडद्यासमोर ओढली.

"साहेबांना पुढे बसवा. दंड त्यांचा, बैठक त्यांची."

"सिस्टर, मी तुमच्याशी बोलणार आहे," निखिल म्हणाला.

"बोल ना रे. मी ऐकतेय. साहेब, आपल्याला नीट दिसतंय ना?"

निखिल सुरू झाला. एका अमेरिकन डॉक्टरचं पत्र. लशीमुळे मुलं मंद होतात म्हणे. सिस्टर कियानला म्हणाल्या, "आपले वडील रात्रंदिवस आपलाच विचार करतात हो." मग निखिलला, "अजून काही?"

पुढचं चित्र आलं. वर वर जाणारी लाल रेघ.

"ही रेघ कशाची?" मी विचारलं.

"ट्रेंड आहे, मामा."

"कशाचा?"

"मामा, प्रश्न शेवटी."

"अजून काही?" सिस्टर.

निखिल आणखी बोलला. त्याला सवय अडवणाऱ्यांची. ऑफिसात कुणीतरी मध्ये तोंड घालतं, मग याला चेव येतो. इथे कुणी अडवेचना. प्रत्येक चित्रानंतर ते शांत, मनापासूनचं 'अजून काही?' येत होतं आणि चावी संपत आलेल्या खेळण्यासारखा त्याचा वेग उतरत होता. शेवटी तो थांबला, कारण सिस्टरांनी हात वर केला होता.

"बैठक तहकूब. साहेब झोपले."

कियानची मान खरोखरच कलंडली होती.

"मग उठवा ना त्याला!"

"माणूस झोपलेला असताना त्याच्या दंडाचा निर्णय घ्यायचा? आपण काय सोसायटीची कमिटी आहोत?"

मी तातडीनं खिडकीबाहेर बघायला लागलो.

आणि मग एक अत्यंत हास्यास्पद दृश्य. लस घ्यायला आलेल्या आया, आज्या, मी सेक्रेटरी, लॅपटॉपवाला बाप आणि कॉर्पोरेशनची नर्स, असे सगळे मिळून एका अकरा महिन्यांच्या गृहस्थांची झोप होण्याची वाट बघत बसलो. कुणी कुजबुजलं तरी सिस्टर ओठावर बोट ठेवायच्या. लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला.

त्या शांततेत निखिल एकदम हळू आवाजात बोलला. पडद्यावर नसलेलं.

"मागच्या लशीनंतर रात्री ताप चढला होता याला. मी ऑनसाइट होतो, अमेरिकेत. ऋचा एकटी. काही होणार नाही असं सांगून टोचली होती कुणीतरी. ती फोन धरून रडतेय, हा मागे किंचाळतोय, आणि मी तिकडे भर दुपारी ऑफिसच्या जिन्यात बसलोय. नुसता ऐकत. मी… मी नव्हतो इथे."

ऋचानं मान खाली घातली.

सिस्टर उठल्या, जाळी ओलांडून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"अहो निखिलराव," त्या म्हणाल्या.

सगळ्या आयांनी एकदम वर बघितलं. पालकाला 'अहो'!

"ताप येऊ शकतो हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, ती आमची चूक. आता मी सांगते. या लशीनंतर आठवड्या-दीड आठवड्यानं काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळही येतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. कधी कुणाला तापात झटका आला, श्वासाला त्रास व्हायला लागला, पाणीसुद्धा घेईना झाला, तर माझी वाट बघायची नाही, सरळ डॉक्टर. हे क्वचित होतं, पण होत नाही असं मी म्हणणार नाही. आणि गोवर काय करतो ते समोरच्या इमारतीत बघताच आहात."

"पण त्या पत्रात तर…"

"त्या डॉक्टरांचं नाव काय?"

निखिलनं लॅपटॉपचं बटण दाबलं, शोधलं. "नाव नाहीये."

"मला आहे. ढमढेरे. काही झालं तर माझ्या नावानं भांडता येईल, फोन करता येईल. मी येईन. आज मनाची तयारी नसेल, तर पुढच्या वेळी. मी काही रागावणार नाही. फक्त तोवर गोवर थांबेल, असं वचन साहेबांना मला देता येत नाही."

तेवढ्यात साहेब जागे झाले आणि म्हणाले, "बब्बा."

सिस्टर निखिलला म्हणाल्या, "विचारा तुम्हीच."

निखिलनं इकडेतिकडे बघितलं. चाळीतल्या नळावर असाव्यात तशा सगळ्या आया कान टवकारून होत्या. तो कियानसमोर गुडघ्यावर बसला, घसा साफ केला आणि, खोटं सांगत नाही, म्हणाला, "अहो… घेऊ या का?"

आणि बाही त्यानंच वर केली.

सुई, भोकाड, फटाक्कन छत्री.

त्या दिवशी क्लबहाउसला कुलूप लावताना मी विचारलंच, "सिस्टर, ही छत्रीची काय भानगड?"

"दुखतं त्या वेळी समोर आई-बाप दिसावेत. माझा चेहरा कशाला? नंतर मी बागेत दिसले तरी रडतात हो."

"आणि 'अहो'?"

"सगळं त्यांच्या अंगावर होतं आणि विचारत त्यांना कुणी नाही. निदान 'अहो' तरी म्हणावं."

मग माझ्या लक्षात आलं, संध्याकाळी बागेवरून जाताना या बाई छत्री तिरकी का धरतात. झोपाळ्यांकडची बाजू झाकलेली असते. मी समजत होतो, ऊन लागतं.

कियानला आठवड्यानं ताप आला, अंगावर थोडं पुरळही आलं. या वेळी निखिल घरात होता. त्यानं फोन केला आणि संध्याकाळी दारात छत्री उभी राहिली. उघडी.

"साहेब, कसे आहात? पाणी घेताय? शू होतेय? खेळताय थोडं?"

"अहो सिस्टर, आत या ना," ऋचा म्हणाली.

"नको. ताप आणि मी, दोन्ही एकदम नको त्यांना."

ताप उतरेपर्यंत रोज संध्याकाळी ती छत्री दारात यायची, चौकशी करायची आणि जायची. कियान पाळण्याचा कठडा धरून तिच्याकडे टक लावून बघायचा.

पुढे दोन-तीन महिन्यांनी मी आणि कियान फाटकापाशी उभे होतो. साहेब नुकतेच चालायला लागले होते, म्हणजे दर चार पावलांवर बसत होते. समोरून सिस्टर आल्या. आम्हाला बघताच छत्री तिरकी झाली आणि त्या भिंतीच्या कडेनं सरकायला लागल्या.

"अहो!" कियान ओरडला.

सिस्टर थबकल्या. त्यांनी छत्रीआडून माझ्याकडे बघितलं. आमच्या इमारतीत ही हाक आली की माणसं माझ्याकडेच बघतात. मी मान हलवली.

"मला नाही हो. तुम्हाला."

कियान माझं बोट सोडून निघाला. चार पावलं, बसला. उठला. छत्रीच्या कडेला हात घालून ती खाली ओढली आणि त्या चेहऱ्याकडे बघत पुन्हा म्हणाला, "अहो!"

रडला नाही.

ढमढेरे सिस्टरांनी निळा डबा खाली ठेवला. चक्क उन्हात. पदराला हात पुसले, आणि नुकतंच लग्न झालेल्या मुलीसारख्या अगदी हळू आवाजात त्यांनी ओ दिली.