गिरणीतली विमानं

आमच्या मंगळवार पेठेत सुंदराक्कांच्या गिरणीत दळण टाकायचं, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. तुम्ही डबा खाली ठेवला की आक्का पदराला हात पुसत, खिडकीतली जाडजूड वही उघडत, एका टपाल तिकिटावर बोट ठेवत आणि पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारत, "ह्या ईमानात बसाल का?"

गहू आणलेत की ज्वारी, जाड दळायचं की बारीक, हे सगळं नंतर.

नवा माणूस गोंधळून जाई. तिकीट बोटभर, त्यातलं विमान नखाएवढं, आणि चष्मा घरी राहिलेला. "बसेन की" म्हटलं तर आक्का नुसतं "हं" म्हणत आणि डबा पुढे ओढत. "नाही" म्हणणाऱ्याची मात्र धडगत नसे. का न्हाय? पंख बारीक वाटत्यात? चाकं कमी हायती? डायवर दिसंना म्हणून? अशी उलटतपासणी सुरू झाली की मागच्या रांगेतल्या बायका ओरडायला लागत, "अवो पावणं, बसा की एकदाचं! आमच्या भाकरी थापायच्या हायती अजून!"

परिणाम असा झाला की आमची अख्खी पेठ जगातल्या कुठल्याही विमानात बसायला तयार झाली. रंकाळ्यात होडीत बसताना ज्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, तेसुद्धा डबा ठेवता ठेवता "बसतो, बसतो" म्हणून मोकळे व्हायचे. तालमीतल्या एका पैलवानानं तेवढं एकदा "न्हाय" म्हटलं होतं. आक्कांनी पट्टा थांबवून कारण विचारलं. तो लाजून म्हणाला, "खुर्चीत मावणार न्हाय ओ आक्का." आक्का म्हणाल्या, "त्यो तुझा दोष. ईमानाचा न्हवं." आणि त्याचं मत बाद केलं.

आक्का विधवा होत्या. नवरा गेला तेव्हा मुलगी पाळण्यात होती आणि गिरणी विकून टाकावी असं सगळ्या भावकीचं म्हणणं होतं. आक्कांनी भावकीला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पट्टा चढवला. तेव्हापासून भुवयांत पीठ, केसांत पीठ, त्यामुळे त्यांचं वय काय ते कुणाला कळत नसे. आयुष्य गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे आवाज हा असा. त्यांनी कुणाच्या कानात सांगितलेली गोष्ट बिनखांबी गणपतीच्या देवळापर्यंत ऐकू जायची. कोल्हापुरात बायकाही "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, पण आक्का ते ज्या दणक्यात बोलत, त्यानं पुण्याहून लग्न होऊन आलेली माझी बायको पहिल्या दिवशी रिकामा डबा घेऊनच परत आली होती.

तर अशा बाईंना तिकिटांचा नाद. तोही फक्त विमानांच्या तिकिटांचा. फुलं, पुढारी, वाघ, देवळं, काही चालत नसे. पेठेत कुणाच्याही घरी पत्र आलं की पाकिटाचा कोपरा गिरणीत पोचता व्हायचा. ती तिकिटं आक्का वहीत चिकटवायच्या त्या चक्क गव्हाच्या पिठाच्या खळीनं. शाहूपुरीतले एक वकील तिकिटांचे मोठे शौकीन. त्यांना मी एकदा हौसेनं वही दाखवायला नेलं. पहिलं पान बघूनच ते खाली बसले.

"अहो बाई, तिकीट चिमट्यानं उचलायचं असतं!"

"चिमट्यानं निखारा उचलत्यात," आक्का म्हणाल्या. "आन् तुमी बसाल का ह्यात?"

वकीलसाहेब कसेबसे "बसेन" म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते मला रस्त्यात ओळख देत नव्हते.

मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून विमानांबाबत आक्का अधूनमधून माझा सल्ला घेत. सल्ला कसला, कानउघाडणीच. एकदा टपाल खात्यानं जुन्या विमानांच्या आठवणीसाठी तिकिटं काढली. त्यातल्या एकावर काठ्या आणि कापडाचं, दोन मजली पंखांचं, अगदी सुरुवातीच्या काळातलं विमान होतं. आक्कांनी मला रस्त्यावरून हाक मारून आत घेतलं.

"सर, ह्ये काय? सरकार असली ईमानं वापरतंय अजून?"

"नाही हो. हे जुनं आहे. आठवण म्हणून छापलंय."

"तिकीट तर नवंकोरं हाय की."

"तिकीट नवं, विमान जुनं. आपण नाही का आजोबांचा फोटो भिंतीला लावत?"

आक्का गंभीर झाल्या. "आज्जा मेला की फोटू लावत्यात. म्हंजे ह्ये ईमान मेलं. कशानं मेलं?"

विमान मरत नसतं, म्हातारं होतं, हे पटवायला मला दळण संपेपर्यंत वेळ लागला. तरी शंका राहिलीच. दुसऱ्या एका परदेशी तिकिटावर अगदी पहिलं विमान होतं, ते दोन भावांनी मिळून उडवलं, असं मी सांगितलं. आक्कांनी ते तिकीट बराच वेळ डोळ्यांशी धरलं.

"त्यांच्या आईनं हो म्हटलंतं?"

तीस वर्षं इतिहास शिकवूनही हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "काही ठाऊक नाही."

"मग काय शिकवताय पोरास्नी?" म्हणून त्यांनी माझा डबा माझ्या हातात दिला.

त्या प्रश्नाचा उगम मला पुढे आठवड्याभरात कळला. आक्कांची मुलगी नंदा सरकारी दवाखान्यात नर्स होती. हसरी, बारीक अंगाची, आईच्या बरोबर उलट, हळू बोलणारी. ती आमच्या घरी विरजण मागायला आली आणि जाता जाता उंबऱ्यात थांबली.

"सर, तुमी तरी न्हाय म्हणू नका हं."

"कशाला गं?"

"ईमानाला." ती हसली, आणि मग हसणं आवरून सांगायला लागली. तिला कुवेतच्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघी आधीच तिकडे गेल्या होत्या. दिवाळीपर्यंत हजर व्हायचं होतं. "आईला विचारलं तर जा म्हणत न्हाय, जाऊ नको बी म्हणत न्हाय. म्हणती, 'आदी ईमानं बघतो, मग सांगतो.' तवापास्नं बघतीयाच. आईनं मोकळ्या मनानं जा म्हटल्याबगार मी जाणार न्हाय, सर."

म्हणजे सगळी पेठ ज्याला बाईंचा नाद समजत होती, ती नंदाची परवानगी होती. आम्ही रोज पीठ घ्यायला जात होतो आणि नकळत त्या पोरीच्या जाण्याविषयी मत देऊन येत होतो.

त्यानंतर मी त्या मायलेकींची झुंज मोठ्या गमतीनं बघायला लागलो. नंदा दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून, रोग्यांच्या नातेवाइकांकडून एकाहून एक देखणी जेट विमानं मिळवून आणायची. पांढरीशुभ्र, तिरकी वर झेपावणारी. आक्का मुकाट्यानं ती चिकटवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एखादं मोडकळीस आलेलं विमान शोधून काढायच्या. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात परदेशी तिकिटांची पाकिटं मिळत, त्यातून त्या नेमकी काठ्याकुठ्यांची विमानं निवडत. एकदा तर हवेनं भरलेलं लांबुळकं आकाशयान सापडलं. ते दाखवून आक्का विजयी मुद्रेनं म्हणाल्या, "ह्यो दुध्या कुणी सोडला वर? ह्यात बसतीस व्हय गं मला सोडून जायला?"

नंदानं हळूच सांगितलं, "आई, त्यो दुध्या आता कुठंच चालत न्हाय."

"आज न्हाय. उद्या काढला तर?"

आणि त्या दुधी भोपळ्यातसुद्धा आमची पेठ बसायला तयार होती. रांग मोठी होती, सण तोंडावर आला होता, भाजणीची दळणं सुरू झाली होती. "बसतो आक्का, दुध्यात बी बसतो, कडंला घ्या जरा!"

आक्का वही घेऊन नृसिंहवाडीलाही जाऊन आल्या. दत्तापुढे ठेवून बराच वेळ बसल्या म्हणे. मी विचारलं, "काय म्हणाला देव?" तर म्हणाल्या, "त्यो कशाला बोलतोय. त्याला काय पोरगी हाय?"

मग एक दिवस विमानदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गारगोटीहून पाहुणे म्हणून आले आणि यजमानांचा डबा घेऊन गिरणीत आले. आक्कांनी वही उघडली.

"बसाल का?"

"बसलोय की."

गिरणीत एकदम कुजबुज झाली. खरोखर विमानात बसलेला माणूस पेठेनं पहिल्यांदाच बघितला होता. आक्कांनी पट्टा थांबवला. वर गेल्यावर काय होतं? भ्या वाटतं? हाडं खिळखिळी होत्यात?

पाहुणे म्हणाले, "मला तर झोप लागती बगा."

"झोप?"

"गाढ. उतरताना उठवावं लागतं."

एसटीत गारगोटीपर्यंत जाताना खड्ड्यांनी माणसाला झोप लागत नाही, हे आक्कांनाही ठाऊक होतं. त्यांनी वही मिटली आणि पाहुण्यांचं दळण रांग मोडून आधी करून दिलं.

दोन दिवसांनी दुपारी मी गिरणीत गेलो, तर लाइट गेलेली. पट्टा थांबला होता, रांग नव्हती. आक्का जात्याशेजारच्या बाकड्यावर बसल्या होत्या. मी जायला निघालो, तर त्यांनी "बसा की सर" म्हटलं. त्यांचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा साधा ऐकला. गिरणी बंद असताना तो अगदी नंदासारखा होता.

"नंदीला जा म्हणून सांगितलं मी," त्या म्हणाल्या.

"बरं केलंत आक्का. पोरीचं कल्याण होईल."

"व्हय. हुईल." त्यांनी पदरानं बाकड्यावरचं पीठ झटकलं. "समदी बसतो म्हणाली ओ. एकानं बी धड कारण देऊन न्हाय म्हटलं न्हाय."

मी हसलो. "पेठ धीट आहे आपली."

"मला वाटलंतं, एक तरी शाणा माणूस न्हाय म्हणंल. ह्ये ईमान बरं न्हाय, ह्यात पोरीला घालू नगा, म्हणंल. मग मी तिला सांगितलं असतं, बग बाई, मी न्हाय आडवत, पेठच न्हाय म्हणतीया. माझ्या तोंडानं न्हाय म्हणवंना. तिनं आजपातुर माझ्याकडं कायच मागितलं न्हवतं."

माझं हसू तोंडातच राहिलं. आम्ही सगळे आपापली भाकरी वेळेवर व्हावी म्हणून "बसतो" म्हणत राहिलो होतो, आणि ही बाई तेवढा वेळ एका नकाराची वाट बघत होती. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आक्का, मी म्हणतो नाही. लिहून देतो पाहिजे तर."

त्या खळखळून हसल्या. "आता कशाला? पोरीनं बॅग भरली बी. आन् तुमी मास्तर माणूस, खोटं बोलू नका."

तेवढ्यात लाइट आली आणि त्या पट्टा चढवायला उठल्या.

नंदाला पोचवायला आक्कांबरोबर मीही मुंबईला गेलो. दादरला माझी मेव्हणी राहते, शिवाय इंग्रजी पाट्या वाचायला कुणीतरी हवं होतं. गिरणीला पहिल्यांदाच कुलूप लागलं आणि पेठेनं भातावर दिवस काढले. नंदाच्या बॅगेत कांदालसणाची चटणी इतकी होती की विमानतळावरच्या माणसानं बॅग उघडून लगेच मिटली आणि डोळे पुसले.

सांताक्रूझला तेव्हा लोकांना विमानं बघायला वर एक गच्ची होती. नंदा आत गेल्यावर आम्ही तिथे कठड्याला जाऊन उभे राहिलो. खाली समोरच ते विमान उभं होतं. मी स्वतःही इतकं जवळून पहिल्यांदाच बघत होतो. केवढं ते धूड, केवढे ते पंख! उन्हात नुसतं चकाकत होतं. मला वाटलं, आज आक्कांना धन्य वाटेल. इतके दिवस नखाएवढी विमानं बघणाऱ्या बाईपुढे अख्खं विमान उभं होतं. मी इतिहासाच्या मास्तराला शोभेल असं सुरूच केलं, "आक्का, ते शेपटाकडे बघा. आणि ही इंजिनं, पंखाखाली चार..."

"सर, जरा गप बसा," आक्का म्हणाल्या. "ती दिसतीया अजून."

प्रवासी चालत विमानाकडे निघाले होते. त्यांत नंदाची पिवळी साडी होती. जिन्याशी पोचल्यावर तिनं वळून गच्चीकडे बघितलं. एवढ्या गर्दीत आम्ही तिला दिसलो की नाही कुणास ठाऊक, पण तिनं हात हलवला. आक्कांनीही हलवला. मग ती जिना चढली, दारात क्षणभर दिसली आणि आत गेली.

दार लागलं. जिना ढकलत बाजूला नेला. विमान वळलं, लांब गेलं, आणि कानठळ्या बसवत आमच्यासमोरून वर चढलं. गच्चीवरची सगळी माणसं मान वर करून बघत होती, लहान मुलं टाळ्या पिटत होती, मीही तोंड उघडं टाकून बघत होतो. आक्का तेवढ्या खाली, त्या बाजूला नेलेल्या जिन्याकडे बघत उभ्या होत्या.

आवाज विरला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण गळ्यात अडकवून उभे होते. ते कौतुकानं म्हणाले, "वा! काय सुंदर उडालं! कुठलं विमान होतं हो हे, बाई?"

आक्कांनी पदरानं डोळे पुसले.

"ईमान बघितलंच न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "मी पोरीला बघत हुतो."