अर्थ माहीत असल्याचा दाखला

आमच्या राज्याच्या अक्षरक्रीडा महामंडळाच्या परिपत्रक क्रमांक ४१ अन्वये, यापुढे कोणत्याही खेळाडूने अर्थ माहीत नसलेला इंग्रजी शब्द पटावर मांडू नये, असे ठरले. परिपत्रक मी टाइप केले. एकतीस वर्षे मी हेच करतो आहे. माझे नाव मंडे ओकोटी. सोमवारी जन्मलो म्हणून मंडे.

नायजेरियात या खेळाचे वेड केवढे आहे ते मी सांगायला नको. अक्षरांच्या सोंगट्या जुळवून पटावर शब्द मांडायचे, अवघड अक्षरांना जास्त गुण. गेल्या वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात आमच्या पोराने 'झो' हा शब्द मांडून सुवर्णपदक आणले. टीव्हीवरच्या मुलीने त्याला विचारले, झो म्हणजे काय? तो म्हणाला, "अकरा गुण." देश हसला. आमचे संचालक चीफ डॉक्टर ओमोविए यांना (डॉक्टरकी मानद आहे) तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी राज्यातील खेळाडूंच्या शब्दसंग्रहाचे सर्वंकष कॉन्स्टिगेशन करण्यासाठी त्यांनी पाच जणांची समिती नेमली आणि तिच्या पहिल्याच बैठकीत जोलोफ भात व तळलेली केळी यांची शिफारस एकमताने संमत झाली.

याचा फटका कुणाला बसणार हे मला तेव्हाच कळायला हवे होते. रुकेवे नावाची एक बाई बाजारात शाळेचे गणवेश शिवते. शिलाई मशिनच्या वर भिंतीवर तिने शब्दांच्या याद्या चिकटवल्या आहेत. एका आठवड्यात क्यू असलेले पण यू नसलेले शब्द, पुढच्या आठवड्यात एकही स्वर नसलेले. अकरा वर्षे हे चालले आहे. यंदा जाहीर झाले की महोत्सवासाठी निवड होणाऱ्याला महामंडळात कायम नोकरी मिळेल, वयाची अट बत्तीस. रुकेवेला बत्तीस पुरे व्हायला दोन महिने होते.

निवडीच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर फेस्टस होता. फेस्टस हा संचालकांचा सख्खा भाचा. त्याला दोनशे शब्द येतात. रुकेवे नव्वद गुणांनी पुढे होती आणि तिने सी, डब्ल्यू, एम अशा तीन सोंगट्या मांडल्या. फेस्टसने हरकत घ्यायला हात वर केला.

"अर्थ?" समितीच्या मॅडम इफिए म्हणाल्या.

"डोंगरातली दरी, मॅडम. वेल्श लोकांचा शब्द आहे." परिपत्रक आल्यापासून बिचारी अर्थही पाठ करत होती.

"तू पाहिलीयेस दरी?"

"आपल्याकडे सगळा चिखल आणि खाड्या. दरी कुठून आणू?"

"मग हे पाठ आहे, माहीत नाही. परिपत्रकात 'माहीत' असं लिहिलंय."

शब्दाची फाइल भूमापन खात्याकडे गेली. राज्यात दरी नसल्याचे त्यांनी नकाशासह कळवले. सबब हा शब्द राज्याबाहेरचा ठरला. तोच न्याय इतर शब्दांना न लावणे पक्षपाताचे झाले असते. झो हा याक आणि गाय यांच्या संकरातला प्राणी, म्हणून ती फाइल पशुवैद्यकांकडे गेली आणि प्राणी समक्ष हजर करावा, लसीकरणाचा दाखला जोडावा, अशा शेऱ्यासह परत आली. इंग्रजीत लिहिलेल्या 'फकीर'मध्ये क्यू आहे, यू नाही, म्हणून रुकेवेचा तो लाडका शब्द. त्याला धर्मविषयक विभागाचे ना-हरकत पत्र लागले. कॉन्स्टिगेशन पूर्ण होईपर्यंत सामना तहकूब झाला. महिन्याअखेर मंजूर यादीत बकरी, सुरण, पूल आणि चीफ हे शब्द उरले. चीफ या शब्दावर चर्चा झाली नाही.

शेवटच्या सुनावणीला रुकेवे परिपत्रक आणि समिती नेमल्याचा आदेश, दोन्हींच्या प्रती घेऊन आली. वाढदिवसाला नऊ दिवस राहिले होते.

"ओगा," ती संचालकांना म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा ना? मग तुमच्याच कागदावरच्या एका शब्दाचा अर्थ सांगा."

"विचार की. घाबरतो काय?"

"कॉन्स्टिगेशन."

 समिती नेमल्याच्या आदेशात मला 'कन्सॉलिडेशन' टाइप करायचे होते. अर्ध्यात वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत शब्द डोक्यातून निघून गेला आणि बोटांनी आपल्या मनाने पुढचा भाग पुरा केला. सही झाली, शिक्का बसला, मी गप्प बसलो.

संचालक मनापासून हसले. "बघा, एवढंही येत नाही हिला! कॉन्स्टिगेशन म्हणजे सखोल विचारविनिमयाअंती केलेली चौकशी."

"मुळात लॅटिन आहे," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"अबुजाला आम्ही तीन दिवसांची कार्यशाळा घेतली होती ह्यावर," मॅडम इफिए म्हणाल्या.

"लंडनला तर मी रोज ऐकायचो, अंकल," फेस्टस म्हणाला. तो लंडनला विमान बदलण्यासाठी चार तास थांबला होता.

रुकेवे शांतपणे म्हणाली, "इंग्रजीत बारा अक्षरं. सीपासून सुरू होणारे बारा अक्षरी सगळे शब्द मला येतात. हा त्यांच्यात नाही. हा शब्दच नाही."

"अगं, शब्द नसता तर आम्हाला पाचही जणांना त्याचा अर्थ कसा माहीत असता?" मॅडम कडाडल्या.

 रुकेवे माझ्याकडे वळली. "मंडे अंकल, टाइप तुम्ही केलंत. तुम्ही सांगा ना."

माझी निवृत्ती चौदा महिन्यांवर होती. मी म्हणालो, "ओगा म्हणतात ते बरोबर आहे, पोरी." ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला अजून आठवते आणि अजून लाज वाटते. संपूर्ण समितीला अवगत असलेला शब्द माहीत नसल्याच्या कारणावरून तिला बाद केल्याची नोंद मी स्वतः, एकही चूक न करता टाइप केली.

फेस्टस महोत्सवाला गेला, सगळे डाव हरला आणि परत येऊन कायम नोकरीला लागला. हुद्दा, राज्य कॉन्स्टिगेशन अधिकारी. आता शेजारची दोन राज्येही हे पद भरणार आहेत. रुकेवे गणवेश शिवते. भिंतीवरच्या याद्या तिने काढून टाकल्या. त्यांच्या जागी तो एकच शब्द लिहून ठेवला आहे, आणि शाळेतल्या पोरांना ती विचारते, काय रे, ह्याचा अर्थ काय? लहान पोरे सरळ माहीत नाही म्हणतात.

आता आपल्याविषयी. आमची समिती आपल्याला वेडगळ वाटली असेल, हसूही आले असेल. जरा मागे जाऊन पाहा. दुसऱ्याच परिच्छेदात मी तो शब्द वापरला होता, नंतर पुन्हा एकदा. आपण तिथे थांबला नाहीत, कुणाला विचारले नाहीत, मान डोलावून पुढे गेलात. सध्या समितीवर एक जागा रिकामी झाली आहे. अर्ज टाइप करून ठेवला आहे. फक्त सही तेवढी करा. वाचायची गरज नाही.