विसोबा धनेश आणि निश्चिंतीचं पीस

एका जंगलात एक धनेश राहत होता. त्याचं नाव विसोबा. धनेश म्हणजे तो भल्यामोठ्या चोचीचा पक्षी, मुलांनो. तो डोक्यावरून उडत गेला की कोणीतरी आभाळात सूप पाखडतंय असं वाटतं.

धनेशांच्या घराण्यात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत बसल्यावर तिची पिसं झडतात. नवी पिसं येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर नवऱ्याने फळं आणायची आणि फटीतून भरवायची. त्याने आणली तर घर जेवतं. नाही आणली तर घर उपाशी.

त्या वर्षी विसोबाची बायको गोदावरी बेहड्याच्या ढोलीत जाऊन बसली. विसोबा उंबरं आणी, जांभळं आणी, भोकरं आणी. तो फार हुशार नव्हता, पण कामाला चोख होता.

एके सकाळी त्याने फटीतून एक उंबर आत दिलं. गोदावरीने ते चोचीत धरलं आणि बाहेर ढकललं. ते उंबर नव्हतं. वाळलेल्या डिंकाचा गोळा होता.

"अहो, तुम्हाला दिसतंय ना नीट?" तिने आतून विचारलं.

विसोबा म्हणाला, धुकं आहे. पण फटीतून गोदावरीच्या चोचीवर चांगलं कडक ऊन पडलं होतं.

विसोबाच्या डाव्या डोळ्यावर पडदा आला होता आणि उजवाही मंदावत चालला होता. हे त्याला बरेच दिवस ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कबूल करणं यांत अंतर असतं. ते अंतर त्याने त्या दिवशी कापलं आणि तो राजाच्या दवाखान्यात गेला.

राजाचा दवाखाना हिरड्याच्या झाडाखाली होता. औषधाला काही मोल पडत नसे. पूर्वी तिथे बरेच वैद्य होते. कोणी म्हातारे होऊन गेले, कोणी कंटाळून गेले. गेलेल्यांच्या जागी नवे नेमायचे राहून गेले. आता एकटी सगुणाबाई वानरीण उरली होती. तिची बोटं इतकी हलकी होती की डोळ्यातलं कुसळ काढताना रुग्णाला झोप लागे. पण बोटं हलकी असली तरी दहाच होती आणि रांग हिरड्यापासून ओढ्यापर्यंत गेली होती.

रांगेवर दरबारात चर्चा झाली नाही असं नाही. पुष्कळ झाली. प्रधानाने अभ्यास करून सांगितलं की रांग लागते याचं कारण रुग्ण येतात. ते आले नाहीत तर रांग लागणार नाही. सिंहमहाराजांना हे पटलं. पण येऊ नका म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तूर्त रांगेवर मांडव घातला. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले की एवढी लांब रांग शेजारच्या जंगलात शोधून सापडणार नाही. रांगेने टाळ्या वाजवल्या. ज्यांचे हात मोडले होते त्यांनी माना डोलावल्या.

रांग एवढी लांब, की उभं राहणाऱ्याला पोटासाठी अधूनमधून जावंच लागे. म्हणून प्रत्येकाने आपल्या जागी एक दगड ठेवायचा अशी पद्धत पडली होती. विसोबानेही ठेवला. त्याच्या पुढचा दगड तानुबाई शेकरूचा होता. तानुबाई पाय मोडला म्हणून आली होती. रांगेत उभ्याउभ्याच तो जुळला, पण वाकडा. आता तो पुन्हा मोडून सरळ करून घ्यायचा होता, म्हणून ती अजून उभी होती.

सगुणाबाई येताजाता रांगेवरून नजर फिरवायची. विसोबापाशी थांबून तिने त्याची पापणी वर केली. पडदा काढता येईल, काम अवघड नाही, असं ती म्हणाली. पण पाळी येईल ती पाऊस सरल्यावर.

विसोबाने तिला घरची परिस्थिती सांगितली. ढोलीत दोन पिल्लं निघाली होती.

"तुझ्या पुढे आहेत त्यांच्याही घरी कोणीतरी आहे, विसोबा," सगुणाबाई म्हणाली. "मी कोणाचा दगड उचलू, तूच सांग."

विसोबाने पुढे पाहिलं. त्याला दगड नीट दिसत नव्हते. तो परत निघाला.

वाटेत त्याच्या उजव्या हाताला भारद्वाज येऊन बसला. भारद्वाज दिसणं शुभ असतं हे तुम्हाला आजीने सांगितलंच असेल. भारद्वाजालाही ते कोणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्याने तोच धंदा केला होता. तो निश्चिंत मंडळी नावाच्या पेढीचं काम करी. पेढीचा मालक कोणी पाहिला नव्हता. कोणी म्हणे कोल्हा आहे, कोणी म्हणे प्रधानाचा मेहुणा आहे. दोन्ही खरं असण्याचीही शक्यता होती.

भारद्वाजाने आधी गोदावरीची चौकशी केली, मग पिल्लांची, आणि मगच डोळ्यांची. मग त्याने योजना समजावली. प्रत्येकाने रोजच्या फळांतला वाटा मंडळीच्या कोठारात टाकायचा. जो आजारी पडेल त्याचा खर्च कोठारातून व्हायचा. वाटा देणाऱ्याच्या गळ्यात एक निळं पीस बांधलं जाई. ते दाखवलं की धबधब्यामागच्या गुहेतल्या दवाखान्यात थेट प्रवेश. तिथे रांग नव्हती, दगड नव्हते.

विसोबाला ही कल्पना सुंदर वाटली. आणि खरं सांगायचं तर ती होतीच सुंदर. सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं आणि अडलेल्याचं काम करायचं. राजाचा दवाखानाही मुळात याच कल्पनेवर निघाला होता, पण ते आता कोणाच्या लक्षात नव्हतं.

घरी जाऊन त्याने गोदावरीला सांगितलं. वाटा द्यायचा म्हणजे फटीतून येणारी फळं कमी होणार. ती म्हणाली, मी एक वेळ कमी खाईन, पिल्लांचं कमी करू नका. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"तिथे वैद्य कोण आहे?"

विसोबाने हे विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने भारद्वाजाला विचारलं. भारद्वाज म्हणाला, उत्तमातले उत्तम. विसोबाने पीस बांधून घेतलं.

पीस बांधलं की लगेच उपचार मिळत नाहीत, आधी काही दिवस वाटा भरावा लागतो, हे भारद्वाजाने पीस बांधून झाल्यावर सांगितलं. विसोबाने वाटा भरला. चांगली पिकलेली फळं तो मंडळीला देई, कारण कच्ची ते परत करत. कच्ची घरी जात. उजव्या डोळ्यानेही आता झाडाचा नुसता आकार दिसत होता. तो वासावर उंबर शोधी आणि गोदावरीच्या हाकेवर घर.

मुदत संपली तसा तो गुहेत गेला. गुहा गार होती. खाली मऊ शेवाळ होतं. दारातल्या दोन साळुंक्यांनी एका सुरात त्याचं स्वागत केलं आणि वाळ्याचं पाणी दिलं. विसोबाचा ऊर भरून आला. आजवर त्याला आजारपणात कोणी पाणी विचारलं नव्हतं. आतून एक ओळखीचा आवाज आला. सगुणाबाई कोणाला तरी मान हलवू नकोस असं सांगत होती.

पण आत जायच्या वाटेवर एक घोरपड बसली होती. घोरपड किती चिवट असते तुम्हाला माहीत आहे. मंडळीने तिला नेमकं त्यासाठीच ठेवलं होतं. तिचं बोलणं मात्र मऊ होतं.

"आपल्याला अंधुक कधीपासून दिसतंय?" तिने विचारलं.

विसोबाने खरं ते सांगितलं. खरं बोलावं असं त्याला लहानपणी शिकवलं होतं.

"म्हणजे पीस बांधण्याआधीपासून," घोरपड म्हणाली. "मग हे जुनं दुखणं झालं. जुन्या दुखण्याला मंडळी बांधील नाही. वडाला पुन्हा फळं धरतील, मग पुन्हा एकदा धरतील, त्यानंतर आपण यावं."

विसोबाने विचारलं, "एक डोळा आधीच गेलाय. पण दुसरा पीस बांधल्यावर गेला. तो तर नवा झाला ना?"

घोरपडीने डोळे मिटून विचार केला. पहिला गेला म्हणून दुसऱ्यावर ताण आला, ताण आला म्हणून तो गेला, तेव्हा तोही जुनाच, असा तिने निर्वाळा दिला. यापुढे काही अगदी नवीन झालं तर संकोच करू नये, असंही तिने आग्रहाने सांगितलं. साळुंक्यांनी एका सुरात निरोप दिला.

विसोबा धडपडत हिरड्याखाली गेला. निदान आपला दगड तरी असेल. तिथे दगड नव्हता. रांगही नव्हती. मांडवात एकटा रानकोंबडा पहाऱ्याला होता. त्याने सांगितलं की गळ्यात पीस आहे त्यांचे दगड राजाज्ञेने काढून टाकले, कारण त्यांची सोय झाली. उरलेल्यांचेही काढले, कारण सगुणाबाई गुहेत गेली आणि आता तपासायला कोणी नाही. रांग हटली म्हणून दरबारात साखर वाटली होती.

विसोबा घरी आला आणि सगुणाबाई आता गुहेत असते, एवढंच त्याने सांगितलं. उरलेलं गोदावरीला पंखांच्या आवाजावरून कळलं.

पुढचे दिवस वाईट गेले. विसोबा फांद्यांवर आपटे. चोचीत येई ते घेऊन येई. गोदावरी आतून हाका मारी, इकडे, अजून इकडे, खाली. कधी फळ निघे, कधी साल. त्यात धाकटं पिल्लू एका दुपारी चोच उघडेना झालं. गोदावरीने ते पंखाखाली धरून ठेवलं. पंख कसले, नुसते खुंट होते. संध्याकाळी तिने हाक मारली नाही, तरी विसोबा बरोबर फटीशी आला.

"धाकटं गेलं," ती म्हणाली.

विसोबाने चोच फटीत घातली आणि तशीच ठेवली.

मग गोदावरी म्हणाली, "हिरड्याखाली सगुणाबाईच होती. गुहेतही तीच आहे. मग दोन्हीकडचं सोडा आणि तिला शोधा."

सगुणाबाईला कुठे शोधायचं हे तानुबाईला ठाऊक होतं. रांगेत एवढे दिवस काढलेल्यांना एकमेकांची आणि वैद्याची सगळी माहिती असते. गुहा अमावास्येला बंद असे आणि त्या दिवशी सगुणाबाई ओढ्यावर नातवंडांना आंघोळ घालायला येई. तानुबाई वाकड्या पायाने फांदीफांदीवरून पुढे गेली. मागे वळून हाका देत राहिली. विसोबा तिच्या आवाजामागे उडत गेला.

सगुणाबाईने त्याला ओळखलं. नातवंडांना तिने काठावर बसवलं आणि विसोबाला एका चपट्या दगडावर. मान हलवू नकोस म्हणाली. मग तिथेच, ओढ्याच्या पाण्याने हात धुऊन, तिने दोन्ही डोळ्यांवरचे पडदे काढले. भात शिजायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

काम चालू असताना विसोबाने विचारलं की ती दवाखाना सोडून का गेली. राजाच्या कोठारातून तिचं धान्य येणं बंद झालं होतं, असं तिने सांगितलं. मांडवावर खर्च फार झाला होता.

"गुहेतही मी हेच करते," ती म्हणाली. "तिथे फक्त आधी घोरपडीला विचारावं लागतं."

विसोबाला पहिल्यांदा दिसलं ते पाण्यावरून जाणारं एक पान. मग सगुणाबाईची बोटं. मग तानुबाईचा पाय, जो त्याने ऐकलं होतं त्यापेक्षा बराच वाकडा होता. तो घराकडे निघाला. सगुणाबाईने तानुबाईलाही दगडावर बसायला सांगितलं.

वाटेतल्या उंबरावरून त्याने पिकलेली फळं निवडून घेतली आणि बेहड्यावर आला. फटीतून त्याने आत पाहिलं. मोठं पिल्लू त्याच्याकडे पाहत होतं. ते कसं दिसतं हे त्याला आजच कळलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण भारद्वाजाला बातमी लागली.

आठवडाभरात जंगलभर दवंडी फिरली. आंधळ्या विसोबाने निश्चिंत मंडळीचं पीस बांधलं आणि आज त्याला लख्ख दिसतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मोठ्या मैदानात सभा भरली. सिंहमहाराजांनी विसोबाला शेजारी बसवून घेतलं. विसोबाने उठून सांगितलं की मला मंडळीने नव्हे, सगुणाबाईने बरं केलं. भारद्वाज लगेच पुढे झाला. सगुणाबाई आमच्याच आहेत, असं त्याने हात जोडून सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. विसोबा ओढ्याबद्दल सांगत होता, धाकट्या पिल्लाबद्दल सांगत होता. पण तोवर पीस बांधून घेणाऱ्यांची रांग लागली होती. ती हिरड्यापासून ओढ्यापर्यंत गेली. ऊन लागू नये म्हणून तिच्यासाठी जुना मांडव उघडून दिला.

पाऊस सरता सरता गोदावरीने ढोलीचं तोंड फोडलं आणि ती बाहेर आली. तिला नवी पिसं आली होती. पिल्लू मागोमाग आलं आणि फांदीवर डुगडुगत बसलं. तिघं बराच वेळ उन्हात बसून राहिली. मग विसोबाने गळ्यातलं निळं पीस चोचीने ओढलं.

"टाकून देऊ?" त्याने विचारलं.

गोदावरीने पिल्लाकडे पाहिलं. त्याला तेव्हाच एक शिंक आली होती.

"हिरड्याखाली आता कोणी नाही," ती म्हणाली. "टाकून जायचं कुठे?"

विसोबाने पीस पुन्हा नीट बसवलं. दुसऱ्या दिवशी तो पिल्लाच्या मापाचं एक पीस घेऊन आला. मंडळीचा वाटा त्याने पिकल्या फळांत दिला.

तात्पर्य: मुलांनो, आजारी पडण्याआधीच आजाराची तरतूद करून ठेवावी. तरतूद केल्यावर मात्र आजारी पडू नये. आणि पडलातच, तर वैद्यीणबाई सुट्टीच्या दिवशी कुठे असतात, याची आधी चौकशी करून ठेवावी.