जिवतीचा शुक्रवार समुद्रात हरपला, ती हकीकत

श्री जिवती माता, लेकरांची राखणदारीण, तिचे पायी मस्तक ठेवून हकीकत लिहिली जाते ऐसीजे.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, श्रावण वद्य पक्षी राज्यावर मोठे संकट गुदरले. राज्य तीन खोल्यांचे. सरकारस्वारी कचेरीच्या मोहिमेवर अमेरिका मुलखी गेली होती, आणि राणी उमाबाईसाहेबांचे मांडीवर धाकटे राजपुत्र दोन महिन्यांचे, म्हणोन थोरली कन्या ओवीबाई, वय वर्षे पाच, हीस स्वारीने आत्याचे घरी राहावयास संगे नेले होते, आणि आता तेथून न्यूझीलंड बेटी दुसरी मोहीम करून मग स्वगृही येणे होते. निघतेवेळी राणीसाहेबांनी शपथ घातली होती की, श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीचे नावे लेकीस ओवाळावे, मग काम कितीही असो. तीन शुक्रवार स्वारीने इमानाने ओवाळिले, आणि शेवटल्याचे आदले दिवशी राणीसाहेबांनी फोनात तिकीट पाहिले, तो काय! विमान तेथून गुरुवारी रात्री उडणार, आणि बेटी उतरणार शनिवारी सकाळी! मग तातडीने फोन लावून विचारत्या जाहल्या, "अहो, मधला शुक्रवार कुठंय?"

स्वारी बोलिली, "उमे, पश्चिमेकडे जावं तशी घड्याळं मागं मागं न्यावी लागतात. अख्खी फेरी मारली तर एक दिवस कमी भरेल. म्हणून महासागरात एक रेघ मानलीये, ती ओलांडली की तारीख एकदम पुढं. आमचा शुक्रवार त्यातच गेला."

"गेला म्हणजे? लेकीला ओवाळायचं कधी?"

"शनिवारी ओवाळतो की."

"शनिवारी जिवती असते होय? तिकीट बदला."

"अगं, विमान आहे ते, कोपऱ्यावरची रिक्षा नाही!"

मातोश्री गोदावरीबाई, स्वारीच्या आई, जवळच पुरणाची डाळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "पंचांगात तिथीचा क्षय होतो, तसा झाला असेल हो." राणीसाहेब म्हणाल्या, "आई, क्षय तिथीचा होतो. वाराचा कधी ऐकलाय?" यावर मातोश्रींनी पुन्हा डाळ निवडावयास घेतली.

दुसरे दिवशी शुक्रवार उजाडला. जिवतीच्या चित्रास आघाड्याची माळ घातली, पुरणाचे दिवे केले, दूध-साखर आणि फुटाणे ठेविले, आणि दिवेलागणीस राणीसाहेबांनी तबक हाती घेतले. रीत ऐसी की, लेकरू परमुलखी असता आईने चहू दिशांस अक्षता टाकाव्या, म्हणजे जेथे असेल तेथे त्यास पोचतात. परंतु राणीसाहेबांची दृष्टी फोनात, तेथे निळ्या समुद्रावर विमानाचे चिटुकले चित्र, ते हले ना डुले ना, आणि रेघ जवळ आलेली. "आई, ते पलीकडं गेलं की तिकडं शनिवार. मग माझ्या अक्षता लागणार कुणाला?" ऐसे म्हणोन त्या तबक धरून थांबल्या.

मातोश्रींनी राजपुत्र काखेस मारिले आणि पुसिले, "इथं आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"ओवाळतंय कोण?"

"मी."

"मग झालं तर. विमान गुरुवारात असो नाहीतर शनिवारात. ओवाळणं आईच्या वारानं होतं गं, लेकराच्या नाही. टाक."

मग राणीसाहेबांनी चार मुठी चहूंकडे टाकिल्या आणि पाचवी थेट वर, आभाळाकडे. पंखा बंद करण्याची बुद्धी कोणासच जाहली नाही, सबब अक्षता दाही दिशांस उधळल्या, मातोश्रींचे अंबाड्यात शिरल्या आणि राजपुत्रांचे टाळूवर बसल्या.

शनिवारी पहाटे फोन वाजला. "आई, बाबा म्हणतो माझा शुक्रवार समुद्रात पडला."

"नाही गं सोन्या, मी झेलला वरच्या वर."

"मग माझे फुटाणे?"

"डब्यात आहेत, तुझे वेगळे."

"बाळाला देऊ नको हं!"

"त्याला दात कुठं आहेत?"

इतुके ऐकिले, तेव्हा राणीसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

येणेप्रमाणे राज्य बचावले. अक्षता अजोनि पलंगाखाली, पाळण्यात सापडतात. ओवीबाई घरी येईतो त्या झाडून काढण्याचा हुकूम नाही.