शल्का फ्लेक्समागे शिकायला जाते

एका जंगलात एक सत्कार समिती होती. बाळांनो, म्हातारे प्राणी तर सांगतात की आधी समिती आली आणि झाडं नंतर उगवली. कुणी काही केलं की समिती त्याचा सत्कार करी. कुणी काही करणार असलं तरी करी. एकदा एक कासव तळ्याच्या या काठावरून त्या काठाला निघालं, तर ते पोचायच्या आत त्याचे तीन सत्कार उरकले होते.

समितीचे अध्यक्ष होते रानडुक्कर बापूसाहेब. त्यांना 'दोन शब्द बोला' म्हटलं की ते पाऊण तास बोलत.

याच जंगलात शल्का नावाचं एक खवले मांजर राहत होतं. नावावर जाऊ नका. खवले मांजर म्हणजे मांजर नव्हे. त्याला दूध नको, उंदीर नको. अंगभर खवले, लांब जीभ, त्याहून लांब शेपटी. भीती वाटली की अंगाचं गोल वेटोळं करून गप्प पडायचं, आणि भूक लागली की मुंग्या खायच्या.

पण शल्का मुंग्या खाण्याआधी त्यांच्याकडे बघत बसायची. बघता बघता मुंग्या निघून जायच्या. त्यामुळे ती कायम किडकिडीत राहिली. तिला एकच प्रश्न छळत होता. प्रत्येक मुंगी पुढच्या मुंगीच्या मागे चालते. मग सगळ्यात पहिल्या मुंगीला वाट कोण दाखवतं?

हा प्रश्न तिने सात डोंगरांपलीकडच्या हिमशिखर विद्यापीठाला लिहून पाठवला. महिन्याभराने कबुतर उत्तर घेऊन आलं. 'प्रश्न आवडला. प्रवेश दिला आहे. शिष्यवृत्तीचे पत्र मागाहून येईल. कळावे.'

शल्का आनंदाने तीनदा वेटोळं झाली आणि तीनदा उलगडली. तिच्या आईने ही गोष्ट फक्त शेजारच्या साळूमावशीला सांगितली. फक्त एकीला, हं. तासाभरात पाणवठ्यावर फ्लेक्स लागला.

केवढा फ्लेक्स! दोन ऐनाच्या झाडांना बांधलेला, मागचं अख्खं वारूळ झाकून टाकणारा. वर लिहिलं होतं, 'परदेशगमनाबद्दल जंगलकन्या शल्का हिचे हार्दिक अभिनंदन'. मधोमध बापूसाहेबांचा फोटो. कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, शल्काचाही होता. खाली एकेचाळीस शुभेच्छुक.

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ झाला. बावीस भाषणं झाली. शल्काला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि नऊ थर्मास मिळाले. तिकडे थंडी असते ना!

तिसऱ्या दिवशी कबुतर पुन्हा आलं. 'यंदा बर्फ कमी पडल्याने सर्व शिष्यवृत्त्या रद्द. प्रवेश कायम आहे. स्वखर्चाने यावे. कळावे.'

स्वखर्च म्हणजे काय, बाळांनो? सात डोंगर ओलांडायला गरुडाचं भाडं आणि वर गुहेचं भाडं. शल्काच्या घरात होते नऊ थर्मास.

ती मान खाली घालून अध्यक्षांकडे गेली.

"बापूसाहेब, माझं जाणं रद्द झालं."

"रद्द? रद्द कसं होईल? आम्ही निरोप दिलाय!"

"पण शिष्यवृत्तीच..."

"हे बघ पोरी, बावीस भाषणं झाली. दिलेला निरोप परत घ्यायची सोय आपल्या घटनेत नाही. तुला गेलंच पाहिजे."

"कुठे जाऊ?"

"ते तुझं तू बघ. पण गेलेली दिसली पाहिजेस!"

आता बातमी फुटलीच होती, तर जो तो पर्यायी योजना घेऊन धावला. जंगलात खायला मिळो न मिळो, सल्ला पोटभर मिळतो.

घुबडगुरुजी म्हणाले, "बी.एड. करून ठेव. हाताशी असलेलं बरं."

पिंपळावरचं माकड म्हणालं, "स्पर्धा परीक्षा दे की! मी सात वर्षं देतोय. एकदम सुरक्षित काम आहे. कुणी विचारलंच तर सांगायचं, तयारी चालू आहे."

साळूमावशी जवळ सरकून म्हणाली, "माझ्या पुतण्याला बघून घेतेस का? थोडे काटे आहेत, पण स्वभावानं अगदी मऊ."

"सगळं चांगलंच आहे," शल्का म्हणाली, "पण मग त्या पहिल्या मुंगीचं काय?"

तिघांनीही तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिला रडूच फुटलं. फार वाईट वाटलं हो तिला. तिने अंगाचं घट्ट वेटोळं केलं. नेमकी ती उतारावर उभी होती. मग काय! घरंगळली, घरंगळली, आणि फ्लेक्सखालून जाऊन मागच्या वारुळाला थडकली.

बाळांनो, फ्लेक्सच्या मागे काय असतं हे आजवर कुणी पाहिलंय? त्या जंगलातही कुणी पाहिलं नव्हतं.

इतक्यात पुढून दोन हरिणींचा आवाज आला. "केवढं यश मिळवलं पोरीनं! नाहीतर आमचा हा, नुसता चरतोय."

शल्काने डोळे पुसले. समोरून मुंग्यांची एक रांग चालली होती. 'गेलेली दिसली पाहिजेस,' तिला आठवलं. ती तर गेलीच होती. ती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई वाळवीच्या लाडवांचा डबा घेऊन आली आणि फ्लेक्सच्या पायथ्याशी ठेवून गेली. मग रोजच येऊ लागली. बायका हसायच्या. "अहो, लेक हिमशिखरावर आणि डबा इथे?"

"पोचतो," आई म्हणायची.

डब्याचा फार उपयोग झाला. पोट भरलेलं असल्यामुळे शल्काने आपला संशोधनाचा विषय खाल्ला नाही. असा संयम भल्याभल्या विद्वानांना जमत नाही.

समिती मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. पंधरा दिवसांनी मुंगसाच्या परदेशगमनाचा फ्लेक्स शेजारी लागला. आणखी पंधरा दिवसांनी मुंगूस फ्लेक्समागे आलं. मग पाणमांजर आलं. मग भेकर आलं. बर्फ काही पडेना आणि फ्लेक्स काही थांबेनात. वर्षभरात मागे अकरा जण जमले.

रिकामं बसून करणार काय? एकमेकांना शिकवू लागले. मुंगूस सापांवर बोललं. पाणमांजराने प्रवाहांवर तास घेतला. वेळापत्रक झालं, परीक्षा झाली, भेकर नापास झालं. मग एका सशाने फ्लेक्सच्या फटीतून अर्ज सरकवला आणि त्याला लेखी नकार गेला. आता विद्यापीठ व्हायचं काही बाकी राहिलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. आणि एका सकाळी शल्काला उत्तर सापडलं! दोन वर्षं तिने रांगेमागून रांग तपासली होती. पहिल्या मुंगीला कुणीच वाट दाखवत नाही. तिलाही काही ठाऊक नसतं. ती आपली निघते, आणि मागे रांग लागते.

"सापडलं!" म्हणून शल्का इतकी उंच उडाली की तिची शेपटी फ्लेक्सच्या दोरीत अडकली.

पुढे त्याच वेळी बापूसाहेब भाषण करत होते. "आपली शल्का आज या क्षणी हिमशिखरावर..." आणि अख्खा फ्लेक्स त्यांच्या डोक्यावर आला.

सगळं जंगल टक लावून बघू लागलं. समोर वारूळ. वारुळाजवळ शल्का. तिच्यामागे दहा जण, वह्या हातात. आता आपली आणि आईची सात पिढ्यांत झाली नसेल एवढी शोभा होणार, असं वाटून तिने वेटोळं केलं आणि डोळे मिटून घेतले.

फ्लेक्स चाळवला. एका टोकातून बापूसाहेबांचं नाक बाहेर आलं. त्यांनी घसा खाकरला.

"जंगलकन्या शल्का," ते म्हणाले, "परदेशाहून परत आल्याबद्दल... शाल आणा रे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आली, श्रीफळ आलं. तेवीस भाषणं झाली. घुबडगुरुजींनी तर हिमशिखराच्या हवेने तिचा रंग उजळल्याचं सांगितलं.

सगळं पांगल्यावर शल्का आईच्या कुशीत शिरली.

"आई, दोन वर्षं कुणालाच कसं कळलं नाही गं?"

"कळलं नाही?" आई हसली. "अगं, दोन वर्षं तुझी शेपटी फ्लेक्सखालून बाहेर होती. येता-जाता अख्खं जंगल बघत होतं. बापूसाहेब तर एकदा अडखळलेसुद्धा."

"मग कुणी बोललं का नाही?"

"सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते बाई. पहिलं कोण बोलणार?"

शल्काने लगेच वही उघडली. आईने तिच्यापुढे डबा सरकवला. "आधी खाऊन घे," ती म्हणाली.

तात्पर्य : उच्च शिक्षणाला निघताना पर्यायी योजना आखण्यात वेळ घालवू नये, फ्लेक्स भरपूर मोठा करून घ्यावा. शेपटीची काळजी करू नये, ती सगळ्यांना दिसतेच. फक्त डबा कोण पोचवणार, तेवढं आधी बघून ठेवावं.