हौद्यातून केलेली पारख

"रोज चालवायची गाडी निवडायला नजर लागते, आणि ती माझ्याकडे आहे!" असं बायकोला, मार्लिसला, ऐकवून ऑर्वल डिक घराबाहेर पडला.

ऑर्वल न्हावी. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात त्याचं दुकान गावात आणि घर लांब, मधे सगळा कच्चा रस्ता. बर्फ वितळला रे वितळला की त्याची इवलीशी मोटार चिखलात म्हशीसारखी बसायची. त्यामुळे जुना का होईना, पण पिकअपच हवा होता.

तसा एक पिकअप क्लॅरेन्स वीबच्या अंगणात विकायला उभा होता. निळा, रुंद छातीचा, मागच्या हौद्यावर पांढरा टप. ऑर्वल बघताक्षणी विरघळला! पण तसं दाखवलं तर क्लॅरेन्स डोक्यावर बसणार. त्यानं नाक मुरडलं, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "हं. ठीक आहे."

क्लॅरेन्स किल्ली आणायला घरात गेला. हौद्याला गंज लागलाय का ते बघायला ऑर्वल फाळक्यावरून रांगत टपाखाली शिरला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि टपाचं मागचं झाकण धाडकन बंद! आतून उघडायला काही म्हणजे काही नव्हतं.

बाहेर आवाज आले. पहिला क्लॅरेन्सचा.

"ऑर्वल गेला वाटतं. नाक मुरडतच होता."

"बरं झालं! आण ती किल्ली."

हा आवाज अगाथा ह्रिसाकबाईंचा. वय सत्तरीपुढचं, दारोदार अंडी पोचवण्याचा धंदा; त्यांनाही पिकअप घ्यायचा होता. बाई बसल्या, शेजारी क्लॅरेन्स बसला, आणि पिकअप निघाला!

ऑर्वलनं टप बडवायला सुरुवात केली.

"क्लॅरेन्स, मागे काहीतरी ठोकतंय."

"खडे उडतात हो, काकू!" क्लॅरेन्सनं घाईघाईनं रेडिओ मोठा केला. आता पोल्का नाचाची धून आणि ऑर्वल एकाच तालात वाजू लागले.

धुळकट काचेतून ऑर्वलला तळ्याकाठचं वळण दिसलं. त्याची मोटार दरवर्षी रुतायची ती हीच जागा! पण बाई थांबल्या नाहीत की गडबडल्या नाहीत. खालचा गिअर टाकला, आणि पिकअप गुरगुरत, चिखल उडवत, रेड्याच्या दमानं वर आला. मग बाईंनी तो एका अरुंद पुलावरून उलटा घेतला, सुईत दोरा ओवावा तसा! ऑर्वल ठोकायचं विसरला. त्यानं चक्क टाळ्या पिटल्या.

रेडिओ बंद झाला. गाडी थांबली.

"क्लॅरेन्स, गाडी टाळ्या वाजवतेय. हेही खडेच का?"

झाकण उघडलं. धुळीनं माखलेला ऑर्वल बाहेर आला.

"अगं बाई, हा तर आमच्या यांचे केस कापणारा!" बाई म्हणाल्या. "बरं, मागून कशी वाटली रे गाडी? खरं सांग."

फक्त एक थाप मारली की पिकअप ऑर्वलचाच होता. 'चाकांचा आस मोडायला आलाय, काकू.' थाप जिभेवर आलीसुद्धा!

"पाळणा आहे हो, काकू!" ऑर्वल म्हणाला. "एक हाड दुखलं नाही. गंजाचा ठिपका नाही. आणि तुमचा हात! मी तर अशी गाडी हाकणारं माणूस पाहिलं नाही!"

"मग ठरलं!" म्हणून बाईंनी क्लॅरेन्सचा हात हातात घेऊन गदगदा हलवला.

ऑर्वलला घरी त्यांनीच सोडलं. मार्लिस धावत बाहेर आली. तिनं पिकअपभोवती फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि नवऱ्याला मिठीच मारली.

"ऑर्वल! अरे, काय देखणी गाडी निवडलीस!"

"हो ना," ऑर्वल म्हणाला. "आता जरा बाजूला हो. काकूंना वळवायचीय."