मसुरीएवढी जखम

आमचे शेजारी पुंडलीकबाब नारळ फोडायच्या आधी तीन शिट्ट्या वाजवत. लांब, थांबून थांबून. मग पायरीवर उभे राहून लाल बावटा हलवत, डावीउजवीकडे पाहत आणि अंगणात कोणी असो नसो, "बाजूक सरा, बाजूक सरा" म्हणत. त्यानंतरच कोयता नारळावर पडे.

मुळगावात नव्याने आलेला माणूस हे पाहून हसे. आम्ही हसत नसू. पुंडलीकबाबांनी जन्मभर खाणीवर एकच काम केलं होतं. सुरुंग उडायच्या आधी शिट्टी मारायची, बावटा दाखवायचा, माणसं आणि गुरं लांब करायची. त्यांच्या पाळीत कुणाला खडासुद्धा लागला नव्हता. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी आणि बावटा त्यांच्याबरोबरच घरी आले. परत मागायचं धाडस कुणाला झालं नाही.

धोका त्यांना सगळीकडे दिसे. शिंक येतेय असं वाटलं की ते आधी हात वर करत आणि समोरचा मागे सरकेपर्यंत शिंक धरून ठेवत. गोवा राज्य झालं त्या दिवसांत मराठी की कोकणी यावरून प्रत्येक पडवीत वाद चाले. मी मराठी शाळेतला मास्तर, म्हणून मला हमखास ओढत. पुंडलीकबाब सगळं ऐकून घेत आणि विचारत, "मास्तर, शिट्टी खंयच्या भाशेत वाजता?"

ते गेले त्याला पावसाळा उलटला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी शिट्टी ऐकू येते आणि पाठोपाठ ते मांजराचं पिलू आठवतं.

पिलू आपण होऊन आलं होतं. पिवळं, मुठीएवढं. बायको गेल्यापासून पुंडलीकबाबांच्या घरात दुसरा श्वास नव्हता, तरी ते म्हणत, "माका कित्याक मांजर? उंदीरय नात." दसऱ्याच्या सुमारास त्यांनी शेतातल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणल्या. पिलाने टोपलीत डोकावून पाहिलं आणि एका कुर्लीने त्याचं नाक धरलं. सोडवेपर्यंत नाकावर जखम झाली.

"मसुरीएवढी," ते मला येऊन म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"एवढीच ना? सुकेल दोन दिवसांत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी वाईट बोललो असं मला वाटलं.

दोन दिवसांत सुकली नाही. आठ दिवसांतही नाही. पुंडलीकबाब रोज सकाळी पिलाला खिडकीच्या उजेडात, जनेलापाशी धरत आणि मसुरीचा एक दाणा त्याच्या नाकाशी नेऊन जखम ताडून पाहत. मग दाणा हातात घेऊन माझ्याकडे येत. "काल इतलीच. आज पण इतलीच." हळद आणि खोबरेल झालं. जांभळं औषध झालं, त्याने पिलाचं तोंड असं रंगलं की माझी बायको म्हणाली, "पुंडलीकबाब, शिमग्याक अजून वेळ आसा." ते हसले नाहीत. खपली धरे, दुसऱ्या दिवशी निघालेली असे, खाली ओलं लाल मांस दिसे.

समोरच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक धावत. लाल धूळ तुळशीवर, कपड्यांवर, पावावर बसे. ती जखमेत जाते असं पुंडलीकबाबांनी ठरवलं आणि कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डालग्याखाली पिलाला ठेवलं. वर ओलं फडकं. आता ना धूळ, ना ट्रक, ना कुत्रा. पिलू दिवसभर आत ओरडे. दुपारी खाणीवर शिट्टी होई, मग सुरुंग उडे, जमीन हले. नवा माणूस दोनच शिट्ट्या मारी. "दोनूच," पुंडलीकबाब दर वेळी म्हणत आणि तिसरी स्वतः पडवीतून मारत.

तीन आठवड्यांनी पिलाने दूध सोडलं. पुंडलीकबाब चमच्याने पाजत, ते दोन्ही गालांवरून ओघळे. त्या दिवसांत त्यांची भीती मलाही लागली. शाळेत फळ्यावर लिहिताना मनात यायचं, घरी जाईन तेव्हा डालगं रिकामं पडलेलं असेल आणि पुंडलीकबाब पायरीवर बसलेले असतील. शेवटी मीच म्हणालो, "डिचोलीला गुरांच्या दवाखान्यात जाऊ."

डालग्याला बूड नसतं. त्यांनी खाली पाट लावून सुंभाने आवळून बांधला आणि पिलासकट ते मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कोंबो खंय व्हरता?"

"कोंबो न्हय. पेशंट."

डॉक्टरीण तरुण होती. तिने डालगं टेबलावर ठेवायला सांगितलं आणि नुसती पाहत उभी राहिली. बाहेर कुठल्याशा गाडीचा भोंगा वाजला. पिलू दचकलं, पळायला जागा नाही म्हणून त्याने दोन बांबूंच्या फटीत नाक खुपसलं आणि जोराने पुढे रेटलं. फटीच्या कडेला वाळलेलं रक्त होतं. बरंच होतं, थरावर थर.

"किती दिवस हे याच्यात आहे?" तिने विचारलं.

पुंडलीकबाब फटीकडे वाकले. मीच सांगितलं.

"औषध देते. पण आधी हे काढा. मोकळं ठेवा. दचकवू नका. ते स्वतःच रोज जखम उघडतंय."

परतीच्या बसमध्ये पिलू त्यांच्या सदऱ्याच्या आत होतं. रिकामं डालगं माझ्या मांडीवर. डिचोली मागे पडेपर्यंत ते पिलाला सदऱ्यावरून थोपटत होते. मग बाहेर बघतच म्हणाले, "मास्तर, बायलेच्या पायाक वहाण लागलेली. मसुरीएवढीच. तिणें विचारलें, डॉक्टराक दाखवूं? हांवें म्हटलें, सुकतली."

त्यांची बायको पाय कापल्यावर गेली, साखरेचा आजार होता, एवढं गावाला माहीत होतं. सुरुवात कशाने झाली हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"सगळ्या गांवाक शिट्टी मारली," ते म्हणाले. "घरांत मारूंक ना."

मी डालगं या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी पिलाला पडवीत सोडलं. समोर ट्रक जात होते. त्यांचा हात सवयीने गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. पिलाचे कान तेवढ्यानेच मागे झाले. ते त्यांनी पाहिलं. शिट्टी गळ्यातून काढून खुंटीला लावली. त्यानंतर पिलू अंगणात फिरे आणि पुंडलीकबाब बावटा गुंडाळून काखेत धरून, रस्ता आणि पिलू यांच्या मधून त्याच्याबरोबर चालत. घाम फुटलेला असे. पण "बाजूक सरा" म्हणत नसत. दुपारी खाणीवर दोन शिट्ट्या झाल्या की ते पिलाला सदऱ्यात घेत आणि तिसरी मारत नसत. मसुरीचा दाणा सदऱ्याच्या खिशात असे.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. जनेलापाशी पिलाचं तोंड उजेडाकडे वळवलं. खपली आपोआप पडली होती. तिथे गुलाबी, कोरडी कातडी होती. त्यांनी खिशातला दाणा काढला, जखम शोधली, सापडली नाही, आणि दाणा तसाच चिमटीत धरून उभे राहिले.

"राखणदाराक नारळ बोललेलों," ते म्हणाले.

अंगणाच्या कडेला राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा, दगड होता. मी सवयीने चार पावलं मागे सरलो आणि शिट्टीची वाट पाहू लागलो. ती तर आत खुंटीला होती. पुंडलीकबाबांनी नारळ उचलला आणि काही न बोलता दगडावर फोडला.

मी दचकलो. पिलू त्यांच्या पायाशी बसलं होतं, ते तिथेच बसून राहिलं.